साजातली दोन पानं

भिशी श्रावणात लागली. आम्ही 12 जणी, महिन्याला अडीच हजार, म्हणजे हातात 30 हजार. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "तीन ग्रॅमचं वळं घे. उद्या नड आली तर मोडता तरी येईल. खड्याला कुठं मोड असते?" यात चुकीचं काहीच नव्हतं. सोनं मोडीत जातं, खडा परत न्यायला गेलात तर विकणाराच तोंड फिरवतो. तरी मी म्हटलं, भिशी माझी आहे आणि मला पेंडंटच करायचंय, एक लाल आणि एक हिरव्या खड्याचं.

लाल-हिरव्याचं मूळ आईच्या साजात आहे. कोल्हापुरी साजाची परंपरेनं 21 पानं सांगतात: 10 दशावतारांची, 8 अष्टमंगळाची, 2 माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचं. आई लग्नाकार्याला साज घालायची तेव्हा मी तिच्या मांडीवर बसून ती दोन रंगीत पानंच तेवढी चाचपायची. मासा आणि कासव यांत मला अजिबात रस नव्हता. साज वहिनीकडे जाणार हे घरात केव्हाच ठरलंय. मला पाटल्या मिळाल्यात, तक्रार नाही. पण ती दोन पानं डोक्यातून जात नव्हती.

पहिला शहाणपणा मी मोबाईलवर केला. रात्री साडेअकरा वाजता, घरातले सगळे झोपल्यावर, "नैसर्गिक पन्ना, 5 कॅरेट, 1,499 रुपये" असं दिसलं आणि बोट दाबलं. डबीतून खडा आला, सोबत चकचकीत कार्ड. आत बारीक चिरांचं जाळं होतं. पाचूत जाळं असतंच असं मी कुठंतरी वाचलं होतं, त्यामुळे माझी उलट खात्रीच पटली. पतसंस्थेत डबा खाताना मैत्रिणीला दाखवला. तिनं पर्समधून नेलपॉलिश काढायची बाटली काढली, कापूस भिजवला आणि खडा दोनदा पुसला. कापूस हिरवा. म्हणजे फिका वगैरे नाही, पालकाची पेंडी चुरगळावी तसा. साध्या स्फटिकाला तडे पाडून त्यात रंग मुरवलेला होता. परत पाठवायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. तो खडा आता मुलाच्या कंपासपेटीत आहे.

दुसरा प्रयत्न महाद्वार रोडच्या बाजूला एका दुकानात. आत गेल्या गेल्या प्रश्न, "रास कुठली?" मी म्हटलं, राशीसाठी नको, नुसता दिसायला छान हवाय. त्यावर काउंटरवरच्या मुलाचा चेहरा असा झाला, की मी मेडिकलमध्ये जाऊन "औषध कुठलंही द्या, रंग आवडला पाहिजे" म्हटलं असावं. मग त्यानं लाल खडा पुढं केला. माणिक, पावणेदोन कॅरेट, 900 रुपये कॅरेट. मोठा, स्वच्छ, गुलाबीसर लाल. "हीटेड आहे मॅडम, सगळेच असतात." मी पैसे काढणारच होते. पण पोळलेलं तोंड ताक फुंकतंच. उद्या येते म्हणून बाहेर पडले आणि तिथून गुजरीत, सराफांच्या गल्लीत, आईच्या सोनारकाकांकडे गेले. खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं, पण त्यांच्याकडे गेलं की आईला कळतं.

काकांचं दुकान बोळातलं, दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. मी माणकाची गोष्ट सांगितली. त्यांनी पेटीच्या खालच्या कप्प्यातून एक पुडी काढली. पांढरा कागद, आत निळसर कागदाचं अस्तर, त्यात एकच लाल खडा. दहापटीचं भिंग माझ्या हातात दिलं. "हळूहळू फिरव. काय दिसतंय?" आधी काहीच दिसेना, माझ्याच पापण्या दिसत होत्या. भिंग डोळ्याला चिकटवून खडा जवळ आणायचा असतो हे त्यांनी शिकवलं. मग दिसलं: लाल रंगाच्या आत मध्येच निळी झाक लखकन येऊन जायची, रॉकेलच्या थेंबावर येते तशी. आणि दोन-तीन बारीक, गोल बुडबुडे.

"काच," काका म्हणाले. "माणिकच आहे, पण फुटकं. भेगांत शिसाची काच ओतून सांधलेलं."

माणिक तापवून रंग सुधारणं ही जुनी गोष्ट आहे, बाजार ते मान्य करतो. काच भरणं वेगळं. हे प्रकरण साधारण 2004 पासून बाजारात फोफावलं. भेगा इतक्या बेमालूम बुजतात, की चुलीत घालायच्या लायकीचा दगड दागिन्यात बसतो. पण सोनाराची फुंकणी लागली किंवा तेजाबात पडला, की काच सुटते. घरातलं लिंबूसुद्धा तिला पुरतं. "तू रोज घालणार, म्हणजे स्वयंपाकघरात घालणार. लिंबू पिळताना पेंडंट काढून ठेवणार आहेस का?" मी गप्प. त्या मुलानं खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. त्यानं दाखवलेला खडा कसला होता हे मला आजही माहीत नाही. मात्र त्या भावात तसल्या आकाराचं स्वच्छ माणिक येत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

मग काकांनी विचारलं, खड्यांसाठी किती काढलेस? पाच हजारांच्या आत, मी म्हटलं. ते हसले नाहीत. "मग माणिक-पाचू ही नावं सोड. लाल आणि हिरवा हे दोन रंग धर."

खरं सांगते, तेव्हा जरा वाईट वाटलं. ती नावंच तर हवी होती. मी विचारलं, आईच्या साजातलं तरी माणिक खरं आहे ना? काकांनी भिंग पुसत सांगितलं, "साजातला खडा कोण तपासतंय? मागं लाख भरलेली, भोवती सोनं. उजेड येणार कुठनं? लाल दिसला, काम झालं." पुढं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

लाल ठरायला दहा मिनिटं लागली: गार्नेट. या नावाचं मूळच डाळिंबाच्या लॅटिन शब्दात आहे. स्वस्त, आपल्या राजस्थानात-ओडिशातही निघतो, आणि सहसा त्यावर तापवणं, रंगवणं असले प्रकार केलेले नसतात. हिरव्यानं मात्र महिना खाल्ला.

काकांनी आधी हिरवा ओनिक्स दाखवला. तो रंगवलेलाच असतो, पण तसं सांगून, त्या भावात विकतात, आणि रंगही पक्का असतो, म्हणून त्यात फसवणूक नाही. मला तो अंगाच्या साबणाच्या वडीसारखा वाटला. पेरिडॉट छान होता, पण पोपटी. साजातला हिरवा पोपटी नाही. मग खरा पाचू, 4 हजार रुपये कॅरेटचा, माझ्या बजेटात अर्ध्या कॅरेटच्या आसपास बसणारा. त्यात इतकं जाळं होतं की पाण्यात शेवाळ धरावं. पाचूच्या भेगांत तेल मुरवलेलं असतं, गरम पाणी आणि साबणानं ते उतरत जातं आणि खडा धुरकट होतो. आमच्याकडे सकाळी सव्वासहाला बंब पेटतो. पाचू बाद.

काका म्हणाले, जयपूरला सांगून बघतो, जांगडवर मागवतो. जांगड म्हणजे माल बघायला आणायचा, पसंत पडला तर पैसे, नाही तर परत. सराफीत हे चिठ्ठीवर आणि शब्दावर चालतं. आठवड्यानं निरोप आला, "सकाळी ये, दहाच्या आत." मी संध्याकाळी संस्था सुटल्यावर येते म्हटलं तर ठाम नकार. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात लाल खडा उगाच खुलतो आणि हिरवा मरतो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

त्या सकाळी बोळात दुकानं उघडत होती, कुणी पायरीवर पाणी मारत होतं, अंबाबाईच्या देवळाकडून येणारी गर्दी अजून विरळ होती. काकांनी पुडी घेतली आणि आम्ही दोघं चक्क रस्त्यात उभे राहिलो, उन्हात नाही, सावलीत. त्यांनी 'पुढारी'चं पान पायरीवर पसरलं आणि चार गार्नेट त्यावर ठेवले. चारही 8 बाय 6 मिलिमीटरचे, अंडाकृती.

पहिला आत भिंगातून बघितला होता तेव्हा भारदस्त वाटला होता. बाहेर तो चक्क काळा दिसला, सीताफळाची बी जशी. रंग फार गडद आणि वर खडा खोल कापलेला, त्यामुळे आत गेलेला उजेड बाहेरच येत नव्हता. दुसऱ्याच्या मधोमध बातमीचा मथळा वाचता येत होता, 'ऊस' हा शब्द तर स्पष्ट. तो फार उथळ कापला होता. मधून खिडकी पडल्यासारखा फिका, कडेनं लाल. तिसरा चांगला होता, पण पट्ट्याजवळ, म्हणजे कडेच्या सर्वांत रुंद भागाशी, कपची उडालेली. चौथा माझा. गुलाबी छटेचा लाल, आतला उजेड हलवला की तुकड्यातुकड्यानं परत येणारा, कोकमाच्या सरबतात बर्फ हलावा तसा. ऱ्होडोलाइट म्हणतात या जातीला. 1.62 कॅरेट, 700 रुपये कॅरेट.

इथं एक गोष्ट सांगून टाकते. खडा वजनावर विकला जातो, पण दिसतो आकारावर, आणि प्रत्येक दगडाची घनता वेगळी. एक कॅरेटचा जांभळा अ‍ॅमेथिस्ट एक कॅरेटच्या गार्नेटपेक्षा चांगलाच मोठा भरतो. त्यामुळे दुकानात "दोन कॅरेटचा दाखवा" म्हणण्यापेक्षा मिलिमीटर सांगितलेले बरे. आणि भाव कॅरेटचा सांगताहेत की रत्तीचा, हे विचारायचंच. खड्यांच्या बाजारात रत्ती कॅरेटपेक्षा हलकी धरतात, सुमारे 0.91 कॅरेट, म्हणून रत्तीचा भाव ऐकायला स्वस्त लागतो. कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. सोन्याचा कॅरेट वेगळा, ती शुद्धता. हे मला एकेचाळिसाव्या वर्षी नीट समजलं, तेही पतसंस्थेत सोनेतारण कर्जाची फाईल रोज हातात असताना.

हिरव्याची पुडी उघडली तेव्हा मला वाटलं काकांनी चुकून रिकामी आणली. तळाशी तीळ पडावेत तसे पाच-सहा दाणे. 3 मिलिमीटरचे गोल. त्साव्होराइट. त्यांनी एक चिमट्यात धरला आणि त्या एवढ्याशा ठिपक्यातून जो हिरवा आला, तो हुबेहूब मांडीवर बसून बघितलेला हिरवा होता. निळ्याकडे नाही, पिवळ्याकडे नाही. भाव विचारला आणि गप्प झाले. 16 हजार रुपये कॅरेट. पण दाणा 0.14 कॅरेटचा, म्हणजे 2,240 रुपये. दुप्पट आकाराचा घ्यायचा म्हटला तर वजन आठपट, आणि मोठ्या खड्याला कॅरेटचा भावही चढत जातो. या खड्यात लहान असणं हाच परवडायचा मार्ग.

घरी येऊन वाचलं. हा 1967 साली टांझानियात सापडला, मग केनियात, आणि तिथल्या त्साव्हो राष्ट्रीय उद्यानावरून नाव पडलं. आईच्या साजाच्या मानानं अगदी कालचा. आणि तोही गार्नेटच. लाल आणि हिरवा, दोघं सख्खे नाही तरी चुलत. मला हे इतकं आवडलं की रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, बरं.

आता डिझाईन बदलावं लागलं. दोन सारखी पानं होणार नव्हती. खाली मोठा लाल आणि त्याच्या डोक्यावर हिरवा ठिपका, असं काकांनी पावतीच्या मागं पेन्सिलीनं काढलं. मला नखांचं कोंदण, म्हणजे सोन्याच्या बारीक टोकांनी खडा धरलेलं, हवं होतं, उजेड जास्त येतो म्हणून. काकांनी माझी ओढणी धरून दाखवली. "रोज नखं अडकतील, एक दिवस वाकतील, आणि खडा भाजी मंडईत पडेल." मग भोवतीनं पट्टी दाबलेलं कोंदण, मागची बाजू मात्र उघडी. बंद पाठीत गार्नेट काळा पडतो. अंगठी करायची असती तर त्यांनी हे दोन्ही खडे घेताना आणखी विचार करायला लावला असता. धुळीत स्फटिकाचे कण असतात, त्यांचा कठीणपणा दहाच्या मापात 7, आणि गार्नेट त्याच्याच आसपासचा. अंगठी दिवसभर ओट्यावर, दारावर, दुचाकीच्या हँडलवर आपटते. गळ्यातला खडा कशावर आपटणार?

सोनं 18 कॅरेट घेतलं. 22 कॅरेट मऊ पडतं, पातळ पट्टीनं खडा धरायला 18 बरं, आणि स्वस्तही. त्या आठवड्यात 24 कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर होता, त्या हिशेबानं 18 चा काकांनी 7,600 रुपये ग्रॅम लावला. पहिल्या चित्रात वजन 1.9 ग्रॅम बसत होतं. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, हे काकांनी आपणहून सांगितलं. मी म्हटलं, मग 2.2 करा आणि शिक्का घ्या. माझा काकांवर विश्वास आहे, पण माझ्यामागं हे ज्याच्या हातात जाईल त्यानं काकांना कुठं बघितलंय?

सोनं 16,720. मजुरी 3,000. गार्नेट 1,134. त्साव्होराइट 2,240. वर 3 टक्के जीएसटी, एकूण 23,787 रुपये. साखळी माझी जुनीच. बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्यांचं वजन वेगळं लिहून घेतलं, कारण दोन खडे मिळून 1.76 कॅरेट, म्हणजे 0.35 ग्रॅम होतात. ते सोन्याच्या वजनात धरले असते तर खड्यांचे पैसे एकदा खडे म्हणून आणि वर पावणेतीन हजार सोनं म्हणून गेले असते. काकांनी तसं केलं नसतं. पण सोनेतारणाच्या टेबलावर मी असली बिलं रोज बघते.

पेंडंट दसऱ्याच्या आदल्या दिवशी हातात आलं. मागच्या पत्र्यावर बारीक शिक्का, 18 कॅरेट 750, आणि सहा अक्षरा-आकड्यांचा क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला, माहिती जुळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला गेलो. गर्दी, आपट्याची पानं, ओळखीची माणसं, भरपूर फोटो. घरी येऊन फोटो बघते तर प्रत्येक फोटोत पेंडंट पालथं. एकात नाही, सगळ्यांत. 23 हजारांची पाठ.

गेले तशीच काकांकडे. त्यांनी स्वतःच्या बोटावर साखळी टांगून बघितली. पेंडंट पुढं झुकलं आणि गर्रकन वळलं. "कडी चुकली," ते म्हणाले. खडा जाड, पुढं आलेला. कडी मात्र मागच्या पत्र्याला, आणि तीही अरुंद. वजन पुढं, टांगलंय मागून, गटांगळी खाणारच. चूक कारागिराची म्हणता येईल, पण चित्र आम्ही फक्त समोरून काढलं होतं. बाजूनं कसं दिसेल हे मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही. ऑर्डर देताना मी दोन्ही बाजू कागदावर मागायला हव्या होत्या.

दुरुस्ती पाच मिनिटांची वाटली, लागले तीन दिवस. कडी परत झाळायची तर आधी दोन्ही खडे काढावे लागतात, कारण खडा बसलेला असताना आच लागली तर तो तडकू शकतो. कारागीर बंगाली, तिशीचा मुलगा. त्यानं लालच्या भोवतीची पट्टी धारदार हत्यारानं कणाकणानं उचलली. मी श्वास धरून बघत होते, तो मात्र कानात इअरफोन घालून गाणं ऐकत होता. खडा सुटून त्याच्या तळहातावर पडला तेव्हा एकदम उघडा, बिचारा वाटला. हिरवा त्यानं माझ्यासमोर काढला नाही. "दीदी, ये आप मत देखो," म्हणाला. आता कडी रुंद आहे, खड्याच्या रेषेत, आणि पेंडंट समोर बघतं.

सासूबाईंना पेंडंट आवडलं. त्यांनी विचारलं, हिरवा कसला गं? मी उत्साहात सांगून बसले, की गोमेद ज्या जातीचा, त्याच जातीचा हा. खरंच आहे ते. गोमेद आणि त्साव्होराइट दोन्ही ग्रॉस्युलर गार्नेट, रंग तेवढा वेगळा. त्यांचा चमचा हातात राहिला. "राहूचा खडा? पत्रिका न बघता?" त्या दिवसापासून आमच्या घरात तो खडा पाचू आहे.

आईला मी दिवाळीत दाखवलं. तिनं चष्मा वर केला, पेंडंट उलटं केलं, शिक्का बघितला, मग सरळ केलं. "लाल मोठा का केलास? साजात दोन्ही सारखे आहेत." मी म्हटलं, हिरवा महाग पडतो. "हं," म्हणाली आणि चकल्यांकडे वळली. काकांनी तिला सगळं आधीच सांगितलं होतं हे मला नंतर वहिनीकडून कळलं.

मागून उघडं असल्यानं त्यात घाम, पावडर, काय काय जाऊन बसतं आणि पंधरा दिवसांत लाल मंदावतो. पहिल्यांदा मी घाबरले, खडाच बिघडला की काय. आता महिन्यातून दोनदा कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मुलाच्या जुन्या मऊ ब्रशनं मागची बाजू घासते. गेल्या रविवारी पाणी पिवळं झालं. हळद होती.